डॉक्टरांनी पुसलेले मेसेज

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी मला पाठवलेले सगळे मेसेज पुसून टाकले.

मंडळी, गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या नातीचं, ईराचं, फुटलेलं अपेंडिक्स काढलं. सून पुण्याला न्यायचं म्हणत होती. मीच म्हटलं, "कशाला? डॉक्टर आपल्या सोसायटीतले, आपला माणूस आहे."

घरी आल्यावर काल ईराला ताप चढला, पोट दुखायला लागलं. मी लिहिलं, "घेऊन येऊ का?" उत्तर आलं, "काकू, गॅस असेल. तुम्ही लई टेन्शन घेता बघा." संध्याकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

आज दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी केली. पोटात पू झालाय, नळी घालून काढणार आहेत. मी डॉक्टरांना तसं कळवलं आणि लगेच त्यांचे मेसेज गायब!

सून म्हणाली, "आई, तुमच्या आपल्या माणसानं सगळं आवरलं बघा."

फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पू होऊ शकतो, हे मला या दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. त्याचा राग नाही. पण पुसलंत का? आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, चुकलं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे.

डॉक्टर, सोसायटीच्या या ग्रुपवर तुम्हीही आहात. ईराला तपासायला का बोलावलं नाहीत, याचं लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात द्या. या वेळी कागदावर, पेनाने.