पाठींची वही

माझी वही तिनं घाण चादरींच्या बादलीत टाकली. वॉर्डात, दोन खाटांच्या मधे, वर्गातल्या सगळ्या पोरींसमोर. वर म्हणाली, "तुला बेडपॅन उचलायला ठेवलंय, अक्कल शिकवायला नाही. नामांतर करायचं ते विद्यापीठाचं करा. माझ्या शिकवण्याचं नको."

ही आमची ट्यूटरबाई. पोरी हसल्या. मी बादलीत हात घातला, वही काढली. बोटांचा वास दिवसभर गेला नाही.

मी परभणीला नर्सिंग शिकायला आले तेव्हा जिंतूरकडच्या गावातली आमची बौद्ध वस्ती जाळून थोडेच दिवस झाले होते. नामांतर मागितलं म्हणून जाळली. बाप म्हणाला, "तिथं कुनी जात इचारनार न्हाई, पोरी. दवाखाना हाय तो." भोळा माझा बाप. जात कुणी विचारली नाही, हे खरं. ड्यूटीच्या तक्त्यावर ती आपोआप उमटायची. इंजेक्शनं, औषधं बाकीच्यांना. मला बेडपॅन आणि पेशंटच्या पाठी पुसणं. रोज तेच.

म्हणून तर पाठी मीच बघितल्या.

पडून राहणाऱ्या माणसाची पाठ माकडहाडापाशी लाल होते. तिथं स्पिरिट लावून जोरात चोळायचं, वर पावडर मारायची, असा नियम. पालमचा एक म्हातारा होता, कंबरेखाली लुळा. त्याची लाल जागा मी मन लावून चोळली. चौथ्या दिवशी कातडी माझ्या बोटाखाली सरकली. पुढं जखम हाडाला भिडली आणि म्हातारा गेला. मी संडासात कडी लावून रडले. माझ्याच हातानं केलं होतं ते, अगदी नियमानं.

तेव्हापासून वही ठेवली. कुठली खाट, लाल जागा कुठं, चोळली की नाही, किती वेळा कुशीवर वळवलं, सकाळी कातडी कशी. चोळलेल्या जागा फाटत होत्या. काही पाठी मी गुपचूप चोळल्या नाहीत, नुसती दर दोन तासांनी कूस बदलली. तिथली लाली उतरत होती. मला वाटलं, वही दाखवली तर बाईंना आनंद होईल. वेडीच होते मी. ती वही बादलीत गेली.

महिन्याभरानं प्रात्यक्षिक परीक्षा. मला चारठाण्याची म्हातारी मिळाली. मोठ्या जमीनदाराघरची, एक अंग वाऱ्यानं गेलेलं. आली तेव्हा तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. मी पाठ उघडी केली. लालबुंद. ती हळूच म्हणाली, "लय आग व्हायलीय गं माय. चोळू नको."

बाहेरगावचे परीक्षक समोर उभे. ट्यूटरबाईनं स्पिरिटची बाटली पुढं केली. "चोळ."

नापास झाले तर सहा महिने मागं पडणार, आणि घरी जायचं तर जळक्या भिंतींत.

"लाल जागेवर मी चोळणार नाही."

"पुस्तकापेक्षा शहाणी झालीस?"

"चोळलेल्या पाठी मी बघितल्यात, बाई. पुस्तकानं नाही."

मी म्हातारीला कुशीवर वळवलं. पाठीमागं उशी लावली. खिशातून तीच वही काढून परीक्षकांपुढं धरली. डाग पडलेली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

नापास.

सहा महिन्यांनी परत बसले. परीक्षक दुसरे होते. पास झाले, न चोळताच.

आज मी डिग्रीच्या मुलींना शिकवते. वॉर्डाचा तक्ता मी स्वतः लावते. आडनाव न बघता बेडपॅन आणि पाठी सगळ्यांना, पाळीपाळीनं. प्रत्येकीच्या हातात कोरी वही. काही जणी नाकं मुरडतात. मुरडू देत. पेशंटची पाठ न बघता पुस्तकातलं वाक्य उतरवून आणणारीला मी पुढं जाऊ देत नाही. माझं वाक्य उतरवून आणणारीलाही नाही.

ट्यूटरबाईला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. उद्या एखाद्या मुलीच्या वहीनं मला खोटं पाडलं तर मी भर वर्गात कबूल करीन. पण तिची वही बादलीत टाकायला कुणाचा हात उठला, तर तो मनगटात धरीन आणि सोडणार नाही.