चुना मळायचा दिवस

मित्रहो, आज सकाळी आमच्या वारसा समितीच्या सचिवबाईंचा फोन आला. चुनाकामाच्या प्रशिक्षणाला एकच जागा आहे. मी म्हणालो, गवंड्याला पाठवा.

"सर, पण तिथं सगळं इंग्रजीत असतं की," त्या म्हणाल्या.

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या समितीला पुण्यातल्या प्रशिक्षणाची अशीच एक जागा आली होती. समितीत चुना हाताळलेले एकटे मल्लप्पा गवंडी होते. पण अर्जात शिक्षणाचा रकाना होता आणि मी प्राध्यापक. मी माझंच नाव भरलं.

"जावा की सर, माघारी येऊन मला सांगा," मल्लप्पा म्हणाले.

पुण्यात मी सगळी व्याख्यानं लिहून घेतली. चुना मळायच्या दिवशी मात्र कपडे खराब होतील म्हणून लांब झाडाखाली बसलो.

परतल्यावर मल्लप्पांनी विचारलं, "भिंतीचा चुना मला येतोय. पाण्यातला कसा धरतोय?"

मी वही चाळली; चुना मळायच्या दिवसाचं पान कोरं होतं. शेवटी आम्ही मंद्रूपजवळच्या बारवेची, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीची, कमान सिमेंटनं लिंपली. सिमेंटमधून ओल बाहेर पडेना, आत पाणी कोंडलं. तिसऱ्या पावसाळ्यात कमान कोसळली.

दगडांकडे बघत मल्लप्पा म्हणाले, "सर, चार दिवस मला धाडायचं हुतं की."

म्हणून आज सचिवबाईंना पुन्हा म्हणालो, गवंड्यालाच पाठवा. तुमच्या गावातून अशा प्रशिक्षणाला कोण जातं?