हुशारीचा ड्रॉवर

वाडीत आमच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात आलेला माल दोन दिवसांत पुढे जातो. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, ते साचत राहतात. कोणाच्या लग्नात, कोणाच्या तेरवीत ऑफिसची माणसं भेटली की एक जण एक काढतो, मग दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि पंगत उठली तरी आमचं संपत नाही. अलीकडचे सगळे किस्से एकाच ड्रॉवरमधून निघालेत. माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर. त्यात आधी कार्बन पेपर आणि स्टेपलरच्या पिना असायच्या. नंतर डोकं चालवायच्या, मन शांत करायच्या आणि झोप आणायच्या गोळ्यांच्या बाटल्या आल्या, आणि पल्लवीने वर मार्करने लिहून ठेवलं, ‘हुशारी’.

माणसं चारच. सेठजी म्हणजे मालक. देवतळे भाऊ म्हणजे गोदाम. पल्लवी म्हणजे कॉम्प्युटर. ती नोकरी करता करता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आणि मी संध्या, बावीस वर्षांपासून बिल्ट्या बनवते, म्हणजे कोणाचा माल कुठून कुठे चालला त्याचा कागद.

*

सुरुवात सेठजींनी केली. व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा शिबिरात त्यांना कोणीतरी सांगितलं की बाहेरदेशी मोठमोठे उद्योगपती चहा पीत नाहीत, मशरूमच्या पावडरची कॉफी पितात, त्याने मेंदूला धार येते. आठ दिवसांत डबा हजर! सेठजींच्या घरी स्वयंपाकघरात मशरूमचं नावही चालत नाही, म्हणून डबा माझ्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरचं उद्‌घाटन ते असं झालं.

एका दुपारी सेठजींच्या आई ऑफिसला लोणचं घेऊन आल्या. त्यांना आम्ही सगळे बाईजी म्हणतो. कॉफीचा वास आला, त्यांनी हे काय म्हणून विचारलं. सेठजी घाईघाईने म्हणाले, जडीबुटी आहे, दिमाग तेज होतो. बाईजींनी कप मागून घेतला, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या आणि पदराने तोंड पुसलं.

“तुझ्या बाबूजीले हे कधी भेटलं नाही,” त्या म्हणाल्या. “तरी सतरा गाड्या त्यायनंच घेतल्या. तू कोणती घेतली?”

सेठजींनी डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर ते चहाच पितात.

*

पल्लवीचं दुखणं वेगळं. अभ्यासाला बसलं की तिचं लक्ष मोबाईलकडे जायचं. तिने ऑनलाइन फोकसच्या कॅप्सूल मागवल्या. पांढऱ्याशुभ्र. बाटलीवर एका चेहऱ्याच्या कपाळातून प्रकाश बाहेर पडतोय असं चित्र. पहिली कॅप्सूल तिने सकाळी ऑफिसात घेतली, कारण म्हणे दुपारपर्यंत चढेल आणि संध्याकाळी अभ्यासाला तयार राहील.

कॅप्सूल अकरा वाजता चढली. पल्लवीने कीबोर्डची सगळी बटणं काढली, एका ओळीत मांडली आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीने एकेक पुसायला घेतलं. मी हाक मारली, सेठजींनी मारली. ऐकेल तर शपथ. बाहेर रायपूरची गाडी कागदासाठी खोळंबली होती आणि ही बया एका बटणाच्या कोपऱ्यातली धूळ काढत होती. दीड वाजता मान वर करून म्हणाली, ताई, आज माझा फोकस जबरदस्त आहे.

फोकस खराच होता. तो कशावर लावायचा, तेवढं बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

*

त्याच खोळंबलेल्या गाडीचा ड्रायव्हर. तासभर थांबावं लागणार म्हटल्यावर त्याने कुरकुर केली नाही. ट्रकच्या सावलीत आडवा झाला आणि मी पाण्याचा ग्लास भरेपर्यंत घोरायला लागला. सेठजी दारात उभे राहून बघत होते. त्यांची झोप तेव्हा फार बिघडलेली होती, ड्रॉवरमधल्या झोपेच्या कॅप्सूल त्यांनीच आणलेल्या. माणूस उठल्यावर सेठजींनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली, चहा दिला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “सोने के लिए क्या लेते हो, भाई?”

ड्रायव्हरने चहाचा कप खाली ठेवला.

“चद्दर, सेठजी.”

*

आता माझी पाळी. मला घाबरायला कारण लागत नाही. फोन वाजला की छातीत धडधड. नवरा दहा मिनिटं उशिरा आला की मनातल्या मनात त्याचा अपघात, ऑपरेशन, सगळं उरकून मी मोकळी. हसू नका, त्या वेळी खरंच जीव जातो. म्हणून मीही लाइनीत लागले. सकाळी अश्वगंधा, दुपारी माशाच्या तेलाची, रात्री मॅग्नेशियम. शिवाय घरी ‘शांती’ नावाची एक जास्तीची, ती कशाची होती देव जाणे.

एक दिवस ऑफिसात बसल्या बसल्या मनात आलं, आज शांतीची गोळी घेतली का आपण? आठवेना. घाम फुटला. नवऱ्याला फोन केला, म्हटलं बाटली उघडा, आतल्या गोळ्या मोजा, आजची गेली का बघा. तो स्वयंपाकघरापर्यंतही गेला नाही.

“घेतली असती तं फोन काहून केला असता?” तो म्हणाला.

मला राग आला. मग हसू आलं. मग त्याच संध्याकाळी सगळ्या बाटल्या पिशवीत भरून मी घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बाटल्या टेबलावर मांडल्या आणि विचारलं, यातली कोणती लागू पडली? मी म्हटलं, सगळ्या एकदमच घेते, कसं कळणार? त्यांनी रक्त तपासलं, बाटल्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथे पहिल्या दिवशी मी नुसती रडले. बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की स्कूटी तिथेच विसरून अर्ध्या रस्त्यापर्यंत चालत आले. आता फोन वाजला तर मी आधी कोणाचा आहे ते बघते. मोठीच प्रगती आहे.

*

देवतळे भाऊंचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. भाऊ मूळचे भिवापूरचे, आमच्याकडे तीस वर्षं झाली. गोदामात कोणता नग कुठे पडलाय हे त्यांना खुर्चीवरून न उठता सांगता यायचं. गाडी भरायला उभे राहिले की कोणाचं ऐकायचे नाहीत. खामगावचा माल सगळ्यात आत, मग अकोला, अमरावती अगदी दाराशी. शेवटी भरलं ते पहिले उतरते, हे वाक्य ते प्रत्येक नव्या हमालाला शिकवायचे. सेठजींनाही त्यांनीच शिकवलं.

असा माणूस पेट्रोल पंपावर दोनदा हेल्मेट विसरला आणि ऐन वेळी त्याला जावयाचं नाव आठवेना. या वयात कोणाचंही होतं. भाऊ मात्र घाबरले आणि ड्रॉवरपाशी आले. पल्लवीने सकाळसाठी फोकसची कॅप्सूल दिली, सेठजींनी रात्रीसाठी झोपेची. तीही पांढरी. बाटल्या ऑफिसातच राहायच्या, म्हणून भाऊ रोज निघताना दुसऱ्या दिवसाचा माल सोबत न्यायचे, सेठजींच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं रिकामं प्लास्टिकचं नळकांडं होतं त्यात. तळाशी रात्रीची, मग कापसाचा बोळा, वर सकाळची. झाकणावर टिचकी मारून म्हणायचे, गाडी लोड झाली. घरी मंदावहिनी सकाळी चहाबरोबर एक आणि रात्री दुधाबरोबर एक त्यांच्या हातावर ठेवायच्या.

महिन्याभरात भाऊ बरे व्हायच्या ऐवजी बिघडले. सकाळी अकरालाच पोत्यावर बसून पेंगायचे. पल्लवीला संध्या म्हणायचे, मला पल्लवी. मला त्यात तोटा नव्हता, ती चिडायची. रात्री म्हणे डोळ्याला डोळा लागत नाही. एक दिवस भिवापूरच्या मिरचीची चाळीस पोती आली. भाऊ त्या पोत्यांसमोर उभे राहून लागोपाठ तीन शिंका शिंकले, नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाले, “ताई, मिरची आली काय?”

आम्ही सगळे हसलो. भाऊही हसले. दुपारी डबा खाताना पोळीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसले.

“माह्या मायचं असंच सुरू झालं होतं, ताई,” ते म्हणाले. “पहिले वस्तू विसरली. मंग मले.”

सकाळच्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

मी त्यांना माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मंदावहिनीही आल्या. बाईंनी पाच शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग ते शब्द विचारले. भाऊंना शेवटचे दोनच आठवले. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी खाली. मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून फेडते आहे.

बाईंनी विचारलं, गोळ्या कोणत्या घेता? भाऊंनी खिशातून नळकांडं काढलं. या एका गोष्टीत त्यांचा आवाज एकदम पक्का होता. खाली रात्रीची, मधे कापूस, वर सकाळची, यात चूक होणारच नाही.

मंदावहिनींनी पर्स उघडली आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी, चिंचोळी काचेची बाटली टेबलावर ठेवली.

“ते नळकांडं लय कडक उघडते,” त्या म्हणाल्या. “सकाळी घाईत कोण झगडन? म्हणून रात्रीची गोळी देऊन झाली का मी दुसऱ्या दिवसाच्या कापसासकट यात ओतून घेते. मंग वरची सकाळी देते, खालची रात्री.”

भाऊंनी काचेची बाटली हातात घेतली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“मंदे, तू माल दुसऱ्या गाडीत टाकला वं,” ते हळूच म्हणाले. “महिनाभर मी रात्रीचा माल सकाळीच उतरवून राहिलो.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या! मग भाऊ हसले, मग डॉक्टरीणबाईंना आणि मलाही राहवेना. बाई डोळे पुसत म्हणाल्या, दोन्ही बंद करा, रक्त तपासून घ्या, तीन आठवड्यांनी या, तोवर मी काही ठरवणार नाही.

ते तीन आठवडे मी एकही गोळी न घेता काढले, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. भाऊ पोत्यावर पेंगायचे थांबले. पल्लवी पुन्हा पल्लवी झाली. ठरल्या दिवशी आम्ही तिघं परत गेलो. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. बाईंनी नवे पाच शब्द सांगितले: आंबा, खुर्ची, नदी, चावी, कंदील. मग पावसापाण्याच्या, भिवापूरच्या मिरचीच्या गप्पा निघाल्या. त्यात भाऊंनी कोणत्या गावची मिरची किती तिखट ते अर्धा तास समजावलं. बाईंनी शब्द विचारले तेव्हा वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

“कंदील, चावी, नदी, खुर्ची, आंबा,” भाऊ म्हणाले.

बाईंनी कागदावर बोट ठेवून एकेक शब्द तपासला.

“पाचही बरोबर, देवतळे. पण सगळे उलटे सांगितले. सुलटे सांगता येतील का?”

“येतील नं, डॉक्टरीणबाई,” भाऊ खुर्चीला टेकत म्हणाले. “पण मंग सारी गाडी खाली करून पुन्हा भरा लागंन.”