काटकोनाला एक बोट कमी

गेल्या महिन्यात आमच्या जिन्यावर बातमी चढली ती अशी: काटकोननं सासऱ्याला गुण्या हाणला. पहिल्या मजल्यावर नुसता फटका होता, तिसऱ्यावर पोचेपर्यंत म्हाताऱ्याच्या डोक्याला टाके पडले होते. दोन टाके मी घातले असं म्हणतात. असेल. पण खरं ते सांगते. गुण्या, म्हणजे कोपरा काटकोनात आहे का हे बघायचं लोखंडी अवजार, लागला तो सासऱ्याला नव्हे, सासऱ्यानं बांधलेल्या भिंतीला. तोही हळूच, कोणी बघत नाही असं पाहून.

काटकोन म्हणजे आमचा शेजारी, फरशी बसवणारा. नाव मीच ठेवलं. हा माणूस चपला काढतो त्यासुद्धा समांतर, आणि बायको रुसली की म्हणे तीही त्याच्याशी नव्वद अंशांत तोंड फिरवून बसते. तिचे वडील गवंडी, चाळीस वर्षांचा हात. सासरा भिंत उभी करणार, जावई तिच्या पायाशी फरशी घालणार, अशी जोडी. या खेपेला काम होतं एका दवाखान्याच्या लांबलचक दालनाचं.

काटकोननं दाराकडची भिंत धरून दोरी ताणली. एका भिंतीवर बारा फूट, दुसरीवर सोळा, तर तिरकं माप वीस यायलाच हवं. तरच कोपरा काटकोनात. आलं एक बोट कमी. पुन्हा मोजलं. तेवढंच. मग त्यानं गुण्या लावला, पातं आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट दिसली, आणि त्यानं गुण्या पिशवीत दडवला. दडवताना कोणा मजुरानं पाहिलं आणि पुढचं आमच्या जिन्यानं रचलं.

गंमत अशी, की भिंत ओळंब्यात चोख होती. ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, जवळ असतो, हातानं चाचपता येतो. पण चाळीस फुटांवर बांधलेली दोरी चाचपता येत नाही, ती दिसावी लागते. म्हाताऱ्याला ती दिसलीच नव्हती. भिंत जमिनीवर ताठ उभी होती आणि तिरकी धावत होती.

म्हाताऱ्याच्या अधू होत चाललेल्या डोळ्यांचं घरात कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण बोलायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी त्यानं बायकोला माप सांगितलं आणि तिनं त्याला अडवलं. त्यांच्या आणि माझ्या घरामधली भिंत एकच आहे, पलीकडचं ऐकू येतं, त्याला मी काय करू?

"बाबांचं नाव घेऊ नका."

"अगं, फरशी खोटं बोलत नाही. दाराशी आख्खी बसेल आणि टोकाला चार बोटं कापावी लागेल. पाचर दिसणार. आंधळ्यालाही दिसेल."

"बाबांना नाही दिसणार," ती म्हणाली, आणि मग रडली.

तो म्हणाला, "मग मी काय करू? भिंत सरकवू?"

तीन दिवस तो ओळीमागून ओळ घालत राहिला, वाढत्या पाचरीकडे न बघता. एकदा जिन्यात भेटला तर मी थट्टेनं म्हटलं, "आज चपला वाकड्या?" त्यानं खाली पाहिलं आणि खरंच सरळ केल्या. पुढे मला हसू आलं नाही.

चौथ्या दिवशी सुपरवायझरनं पाचर पाहिली. "हे काय? भिंत वाकडी की तू वाकडा? परवा इंजिनिअर साहेब मशीन घेऊन येताहेत, भिंती तपासू."

मजूर थांबले. सासरा तिथेच घमेल्यात सिमेंटचा माल कालवत होता. ऐकलं आणि हसला. "जावईबापू, नाचता येईना अंगण वाकडं!" सगळे खो खो हसले.

काटकोन म्हणाला, "भिंत नका तपासू. माझी दोरी सरकली. चूक माझी."

वीस वर्षांत या माणसाची दोरी सरकली नव्हती.

"उखडतो," तो म्हणाला, "आणि तिरकी घालून देतो, पंचेचाळीस अंशांत. फरशीची कड कुठल्याच भिंतीला समांतर नसली की कडेला नुसते त्रिकोण येतात. त्यात चार बोटं कोणी शोधत नाही." शेवटचं वाक्य त्यानं गिळलं असावं, मला ते त्याच्या बायकोकडून मिळालं.

"दोन दिवसांत घाल," सुपरवायझर म्हणाला. "मग इथे तोंड दाखवू नकोस."

दोन दिवस दोघं नवरा-बायको राबली. तो कापायचा, ती माल पसरायची. गुडघे सोलले, बोटं सिमेंटनं फाटली. पन्नास-साठ त्रिकोण हातानं कापले. इंजिनिअर आले, फरशी छान म्हणाले, मशीन उघडलंच नाही. संध्याकाळी काटकोनला निरोप मिळाला: पुन्हा येऊ नये. सुपरवायझरनं इतर कामांवरही सांगून ठेवलं, याची दोरी सरकते.

म्हातारा अजून तिथेच आहे, वरच्या मजल्यावर कठडा बांधतो. संध्याकाळी लेकीकडे येतो, जमिनीवर बसतो आणि जावयाला ऐकवतो, "कामात लक्ष लागतं, बापू." जावई मान हलवतो. लेक आतल्या खोलीत जाते.

आता तो दिवसभर दाराशी बसून असतो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "काय हो, सगळ्या जगाचं वाकडं काढणारे तुम्ही, आणि सासऱ्याचं तेवढं झाकलंत?"

तो म्हणाला, "तुमच्या स्वयंपाकघराचा कोपरा वाकडा आहे वहिनी. नऊ वर्षं तिथे बसून चहा पितोय. बोललो कधी?"