ते वाक्य मी वाचलं होतं

कायद्याचं इंग्रजी समजणारी बाई, अशी आमच्या संस्थेत माझी ख्याती होती. प्रत्यक्षात मी एलएलबीचं एक वर्ष करून सोडलं होतं, एवढंच. पण आम्हाला मदत देणाऱ्या परदेशी सरकारनं आपली स्वतंत्र मदत-संस्था मोडून ती परराष्ट्र खात्यात विलीन करायचं विधेयक मांडलं, तेव्हा आमच्या संचालकांनी ते मलाच पाठवलं. "वाचून घे. आपल्याला काय फरक पडतो ते सोमवारी सांग."

बावधनच्या घरी शनिवार-रविवार मी तेच वाचत बसले. कुठलं कार्यालय कुणाच्या हाताखाली जाणार, कुठल्या पदाला काय म्हणायचं, दूतावासातल्या अधिकाऱ्यानं कुणाला जाब द्यायचा. नुसती खुर्च्यांची हलवाहलव. सोमवारी घोटावड्याच्या ऑफिसात, म्हणजे एका शेतकऱ्याच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, मी ठासून सांगितलं, "आपलं काही बदलत नाही. फार तर लेटरहेड बदलेल."

सगळे हसले. मीही हसले.

आमचं काम धरणापलीकडच्या डोंगरवस्त्यांवर टीबीची तपासणी करायचं. औषधं सरकारी दवाखान्यात मिळतात, पण खोकणारा माणूस दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी, पौडला, जात नाही. म्हणून हातात धरता येईल एवढं एक्स-रे मशीन घेऊन आम्हीच वर जायचो. मशीन परदेशी मदतीतलं. कागदोपत्री मालकीही त्यांचीच.

कायदा मंजूर झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात आमचं एका वस्तीवर शिबिर होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेक्निशियननं मशीन लावलं, मी रजिस्टर घेऊन बसले. सकाळपासून निम्मी माणसं तपासून झाली होती. रांगेत पुढे एक बाई उभी होती, चाळिशीची असेल. पदर तोंडाशी धरून खोकत होती. पलीकडच्या वस्तीवरून दोन डोंगर उतरून आली होती.

तिथे रेंज फक्त देवळामागच्या खडकावर यायची. आमचे ड्रायव्हरकाका फोन करायला तिकडे गेले होते, ते धापा टाकत परत आले. "ताई, सायबांचा फोन आला व्हता. लगीच फोन लावा म्हणतात."

खडकावर चढून मी संचालकांना फोन लावला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "मशीन बंद करा. आत्ता, या क्षणी. यापुढे एकही एक्स-रे काढायचा नाही. पेटीत घाला, सील करा."

"सर, रांग आहे इथे. जेवणापर्यंत संपेल..."

"लेखी आलंय. यानंतर काढलेला प्रत्येक एक्स-रे बेकायदा धरतील. बंद करा."

मी खाली आले आणि टेक्निशियनला मशीन बंद करायला सांगितलं. त्याला वाटलं, बॅटरी बदलायची आहे. मी पुन्हा सांगितलं. मग मशीनवरचा हिरवा दिवा गेला.

"काय झालं?" त्या बाईनं विचारलं. "आता माझाच नंबर व्हता."

"वरून आदेश आलाय," एवढंच मी म्हटलं.

"कुटनं? पौडवरनं?"

"नाही, लांबून. परदेशातून."

तिनं तोंडावरचा पदर काढला. "त्यांची अन् आमची काय वळख? त्यांना कसं कळलं आमी हितं हुबं हाय?"

रजिस्टरमध्ये राहिलेल्या नावांपुढे मी खुणा केल्या. काकांनी पेटी गाडीत ठेवली नाही, आपटली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी ते विधेयक पुन्हा उघडलं. शेवटून तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. मंत्र्यांनी परराष्ट्र धोरणाला पूरक म्हणून प्रमाणित न केलेली सर्व कामं हा कायदा लागू होताच समाप्त झाली असं मानलं जाईल. त्या वाक्याखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ होती, बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नेहमीचं कलम'. मी ते वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना फोन केला. गाडी संस्थेची, ती वापरता येणार नव्हती. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "माझ्या भावाची जीप हाय. मी निगालोय."

त्या बाईच्या घरापर्यंत चालत जावं लागलं. ती यायला तयार नव्हती. "पुन्यांदा रांगेत हुबं करून घरी धाडाल." काकांनी तिच्या नवऱ्याला समजावलं. शेवटी ती आली. पौडला एक्स-रे निघाला, थुंकी तपासली. टीबी होता, बराच पसरलेला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून महिनाभर उशीर झाला असता तर अवघड होतं."

रांगेत राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आम्ही दोघांनी त्याच जीपनं पौडला नेलं. काही जण आलेच नाहीत. दोघं कामासाठी गाव सोडून गेले होते. ते कुठे असतील, मला आजही माहीत नाही.

महिन्याभरात संस्था बंद झाली. मी आता हिंजवडीतल्या एका कंपनीत करारपत्रं तपासते, प्रत्येक ओळ दोनदा.

त्या बाईचं औषध पूर्ण झालं त्या दिवशी मी तिला भेटायला गेले आणि सगळं सांगून टाकलं. मी ते वाचलं होतं, मला कळायला हवं होतं, हेही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या वाचण्यानं त्यांचा कायदा थांबला असता व्हय?"

"नसता. पण शिबिर आधी घेतलं असतं."

"मंग व्हय," ती म्हणाली. "ते चुकलंच तुमचं." आणि चुलीवरचा चहा ओतायला आत गेली.