डोये सरांची फुगणारी पिशवी

मोटारीत बसल्यावर डोये सर आधी दार आतून उघडून पाहत. उघडलं, की पुन्हा लावून म्हणत, "चाला आता."

मोहाडीच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. लाखांदूरच्या रस्त्यावर त्यांची लहान मोटार मोहाच्या झाडावर आदळली, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ बाळू ती चालवत होता. स्टीअरिंग त्याच्या छातीत रुतलं. शेजारी सरांचे पाय अडकलेले. शेतातली माणसं पहारी घेऊन येईपर्यंत दोघं तसेच होते. "'दादा, दम घेता येऊन नाही राहिला,' म्हणे. माहा हात त्याच्या खांद्यावर होता. बस, तेवढंच करता आलं मले." याहून जास्त सर कधी बोलले नाहीत.

पुढं एका मासिकात त्यांनी वाचलं, की परदेशात मोटार आदळताच चालकापुढे फुगणाऱ्या पिशवीच्या चाचण्या चालल्या आहेत. मग त्यांना दुसरं काही सुचेना. भंगारातली छोटी मोटार आणली. ट्रकच्या ट्यूबची पिशवी करून स्टीअरिंगवर बसवली, तिला सोडावॉटरवाल्याकडचं गॅसचं नळकांडं जोडलं. धडकेसरशी ते उघडायचं. तलावाच्या पाळीवरून गाडी सोडायची, खाली रेतीची पोती. चालकाच्या जागी तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, पुतळा, त्याच्या छातीत मातीचं मडकं. पिशवी उशिरा फुगे आणि मडकं फुटे.

एकदा ती वेळेवर फुगली. पुढच्या खेपेला सर स्वतःच बसले.

"कायले जीव देता?" सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ओरडल्या.

गाडी आदळली. पिशवी फुगली, पण खाली बसेचना. तिनं सरांना सीटवर दाबून धरलं. दार चेपलेलं. काचेतून फक्त त्यांचे डोळे दिसत होते. मी काच फोडली, विळ्यानं रबर फाडलं.

गवतावर पडून सर बराच वेळ धापा टाकत होते. "बाळूले असंच झालं असन," म्हणाले. मग म्हणाले, "पिशवीले भोकं पाहिजेत."

भोकं पाडली. पुन्हा पुतळा बसवला. या वेळी पिशवीनं त्याला झेललं आणि फुस्स करून सैल पडली. मडकं शाबूत! बघायला जमलेले आम्ही शिक्षक टाळ्या पिटू लागलो. सर मडकं मांडीवर घेऊन खाली बसले.

"म्हणजे वाचला असता तो."



त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. तिच्यावर कोहळ्याचा वेल चढला. माझी बदली झाली तेव्हा ते स्टँडवर पोचवायला आले. मी म्हटलं, "सर, एवढं जमलं, कोणाला तरी दाखवा."

"जमत नव्हतं तोवर बरं होतं," ते म्हणाले. "त्याले कोणी वाचवूच शकत नव्हतं, असं तरी म्हणता येत होतं. आता काय म्हणू?"

एस.टी. आली. मी चढलो.