आईचा रोह्यातला मुक्काम

चूक माझीच. नातीनं सांगितलं होतं, "आजी, पेटीतल्या तुझ्या माहेरच्या जुन्या फोटोंचे मोबाइलवर फोटो काढून ठेव, मी रविवारी बघते." तिची कंपनीत शिफ्ट, तिला वेळ कुठला! मग मीच पडवीत चटई टाकली आणि दुपारभर फोटोंचे फोटो काढत बसले. चारेक वेळा माझं बोटच आलं मध्ये, ते सोडा.

रविवारी तिनं लॅपटॉप उघडला. तिला घरातल्या सगळ्या फोटोंचा नकाशा करायचा होता. म्हणजे असं, की कुठला फोटो कुठं काढला ते ठिकाण त्या फोटोला जोडून ठेवायचं. मग नकाशावर त्या गावावर बोट ठेवलं की तिथले फोटो वर येतात. बघते तर काय, सगळे फोटो रोह्यात, आमच्याच घरावर येऊन बसलेले!

"आजी, अख्खं माहेर उचलून आणलंस की गो!" नात हसायला लागली.

मला काही कळेना. मग तिनं समजावलं, की मोबाइल फोटो काढतो तेव्हा आपण कुठं बसलोय तेही गुपचूप लिहून ठेवतो. आता त्या शहाण्याला काय ठाऊक, कागदावरची माणसं कुठली आणि कधीची! मी रोह्यात बसले होते, त्यानं रोहा लिहिलं.

मग बसलो दोघी दुरुस्त करायला. फोटो धरायचा, ओढत न्यायचा आणि त्याच्या जागी सोडायचा. लग्नाआधी स्टुडिओत काढलेलं माझं ध्यान, मागं रंगवलेला धबधबा, ते पेणला गेलं. थोरला भाऊ नवी सायकल धरून उभा, तो वडखळच्या नाक्यावर. माझं माहेर तिथून पुढं, खाडीला लागून. मिठागरांचं गाव. पुढं बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि माणसं उठून गेली. नकाशात आता तिथं नुसती हिरवीगार तिवरं, खाऱ्या पाण्यातली झाडी. "यात गाव कुठाय?" नात म्हणाली. खाडीच्या वळणावरून मी एकेक घर दाखवलं. तिला दिसलं की नाय कोण जाणे, पण मान हलवली तिनं.

शेवटी एकच फोटो उरला, आईचा. तिचा हा एवढाच. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बांधावर मिठाच्या राशीपाशी उभी, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरलेला. मिठागराच्या मालकाकडं आलेल्या कुणा पाहुण्यानं काढलेला.

"पणजी कधी आली होती रोह्याला?" नातीनं सहज विचारलं.

कधीच नाय.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मला मूल झालं सहा वर्षांनी. तोवर म्हणायची, "पाणी पन नाय प्याचा, तं येऊन करू काय?" मुलगा झाला, तर मग मीठ आडवं आलं. उन्हाळ्यात मीठ, पावसात भात. मी माहेराहून परत निघाले की वडखळपर्यंत पोचवायला यायची आणि एसटीच्या खिडकीतून सुकटीची पुडी आत द्यायची. मी म्हणायचे, "चल ना गो आई, अशीच चल. तिकीट मी काढते."

"येरी झालीस काय? मीठ परलाय." वेडीला ती येरीच म्हणायची.

एकदा कंडक्टर ओरडला, "मावशी, बसताय का नाय? गाडी थांबवून ठेवलीय तुमच्यासाठी!" तर तिनं खरंच पायरीवर एक पाय ठेवला. मी सरकून जागा केली. तिनं पाय काढून घेतला. "फुडच्या वर्षी येते," म्हणाली. त्याच पावसाळ्यात गेली.

आणि आता नकाशावर माझ्या घरात येऊन बसली होती.

"ऱ्हाऊ दे ना हिला इथंच," मी म्हटलं.

नात म्हणाली, "आजी, उद्या माझी पोरं बघतील. त्यांना वाटेल पणजी इथलीच. मीठ, खाडी, काहीच कळायचं नाय त्यांना."

"आधी लग्न तर कर!"

पण ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारपर्यंत तरी ठेव.

तो आठवडा कसा गेला काय सांगू! नातीनं माझ्या मोबाइलवरही तो नकाशा दिला होता. सकाळी चहा ठेवला की रोह्यावर बोट ठेवायचे, आई वर यायची. बाकीचे सगळे आपापल्या गावी गेलेले, ही एकटी मुक्कामाला. मी तिला घर दाखवलं, अगदी मोरीसुद्धा. चहाचं विचारलं, हसू नका. पण चार दिवस रोज बघितल्यावर मला तिच्या उभं राहण्यातली घाई दिसायला लागली. काढ बाबा लवकर, माझं काम पडलंय, अशी उभी होती ती. ही बाई आठ दिवस कुणाकडं राहिली असती? लेकीकडं झालं म्हणून काय झालं!

रविवारी मीच फोटो धरला. नात म्हणाली, "आजी, सरळ रेषेत ने, लवकर पोचेल." मी नाय नेला. भिसे खिंडीतून नागोठण्याला, तिथून हायवेनं, एसटी जाते तसाच नेला. वडखळला जरा थांबले. मग खाडीकडं वळले.

"सोड इथं," ती म्हणाली.

"इथं नको, भरतीला पाणी चढतं. जरा वर घेऊ, बांधावर. हां. इथं पाय कोरडे राहतील तिचे."